उन्हाळा, परसातील कोंबडी आणि घरातले आरोग्य

मे महिन्यातील दुपारची वेळ होती. दवाखान्यात एक म्हातारी पाच-सहा वर्षांच्या नातवाला खांद्यावर टाकून आली. मुलाला पहाटेपासून जुलाब आणि उलट्या होत होत्या. सुनेलाही तोच त्रास, पण ती घरी निजून होती. काय खाल्ले होते म्हणून विचारले तर म्हातारी आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "डाक्टर साहेब, काल दुपारी दोन कोंबड्या गेल्या. ऊन लागलं असंल. एक फुगली होती, ती पुरली. दुसरी रांधली. फेकून द्यायला जीव झाला नाही."

तिचा जीव का झाला नाही, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. पाड्यावरच्या घरात कोंबडी म्हणजे चालती-फिरती शिल्लक असते. पाहुणा आला, बाजारात मीठ-मिरची आणायची असली, पोरगे आजारी पडले की हात कोंबडीकडे जातो. म्हणून आज कोंबडी उन्हात का मरते, तिला कसे वाचवावे आणि तिच्यामुळे घरातील माणसांनी, विशेषतः लहान मुलांनी, आजारी पडू नये म्हणून काय करावे, हे पाहू. मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. पण कोंबडीची विष्ठा, तिचे मांस आणि तिची अंडी यांचे परिणाम शेवटी माझ्याच दवाखान्यात येतात.

कोंबडीला घाम येत नाही

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत जातो. माणसाला घाम येतो, घाम वाळताना अंग थंड होते. कोंबडीच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नसतात. त्यात अंगावर पिसांचे पांघरूण. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते. हवा ३०-३२ अंशांच्या वर गेली की ती चोच उघडून धापा टाकू लागते आणि पंख अंगापासून दूर धरते. धापेबरोबर घशातील ओलावा वाफ होऊन जातो आणि तेवढीच उष्णता बाहेर पडते. हवेचेच तापमान अंगाइतके झाले की पंख पसरून काही निभावत नाही, सारी मदार धापेवर येते. धाप टाकायला शरीरात पाणी लागते. पाणी संपले की कोंबडी कोसळते.

अंड्यावरची लठ्ठ कोंबडी, खुडूक होऊन अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली कोंबडी आणि पोल्ट्रीतील ब्रॉयलर आधी मरतात. गावरान, उंच पायांची, सडसडीत कोंबडी तग धरते. मानेवर पिसे नसलेली जात तर उन्हाला अधिकच काटक, कारण उघड्या मानेतून उष्णता लवकर निघून जाते. ज्यांना नवी पिल्ले घ्यायची असतील त्यांनी हे लक्षात ठेवावे.

सावली, वारा आणि पाणी

पहिली गोष्ट सावली. पत्र्याचे खुराडे दुपारी भट्टी होते. पत्र्यावर ज्वारीचा कडबा, तुराट्या किंवा पळसाच्या पाल्याचा वीतभर थर टाकावा. वरून चुन्याची सफेदी मारली तर ऊन परत फेकले जाते. त्याहून उत्तम म्हणजे दुपारी कोंबड्यांना खुराड्यात कोंडूच नये. कडुनिंबाखाली, आंब्याखाली त्या स्वतः माती उकरून गार जागी बसतात, त्यांना बसू द्यावे.

दुसरी गोष्ट वारा. खुराड्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना जाळी हवी. एका बाजूला ओले गोणपाट टांगले तर आत येणारा वारा गार होतो. मात्र ही युक्ती कोरड्या हवेतच चालते. राजस्थानच्या वाळवंटी भागात किंवा आपल्याकडे मे महिन्यात ती उपयोगी पडते. जूनच्या आरंभी ढग येऊन हवा दमट झाली की ओल्या गोणपाटाने दमटपणा वाढतो आणि कोंबडीच्या धापेचाही उपयोग कमी होतो. तेव्हा गोणपाट काढून टाकावे आणि वारा मोकळा खेळू द्यावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाणी. अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. कडक उन्हात तिला त्याच्या दुप्पट लागते. दहा कोंबड्यांना पाच लिटर, म्हणजे एक छोटी कळशी. ॲल्युमिनियमच्या थाळीतले पाणी तापते आणि तापलेले पाणी कोंबडी पीत नाही. मातीची उथळ परळे सावलीत ठेवावीत, दुपारी दोनदा पाणी बदलावे, भांडे रोज घासावे. कोंबड्या दहाहून अधिक असतील तर भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, नाहीतर दांडगा कोंबडा दुबळ्या कोंबड्यांना पाण्याजवळ येऊ देत नाही. मीठ मात्र आपल्या हाताने मनाला येईल तसे घालू नये. जास्त मिठाने कोंबडी दगावते. क्षारांची पूड पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावी आणि सांगितलेल्या प्रमाणातच द्यावी.

दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर टाकावा. खाल्लेले पचताना अंगात उष्णता तयार होते. सकाळी दहाला दाणा टाकला तर ती उष्णता ऐन दुपारी उन्हात भर घालते. दुपारी पाणी पुरे, फार तर थोडा पालेभाजीचा पाला.

कोंबडी धापा टाकत आडवी पडली तर तिला सावलीत न्यावे. मान वर धरून बाकीचे अंग माठातल्यासारख्या गार पाण्यात मिनिट-दोन मिनिटे बुडवावे आणि तुरा ओला करावा. शुद्धीवर असेल तर चोचीला पाणी लावावे. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते.

पातळ कवच आणि उन्हातली अंडी

उन्हाळ्यात अंडी कमी येतात आणि कवच पातळ होते, याचेही कारण धापच. सारख्या धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जातो. कवच बनते कॅल्शियम कार्बोनेटचे, आणि त्यातील कार्बोनेटचा साठा या वायूपासूनच येतो. शिवाय उन्हात कोंबडी खातेही कमी, त्यामुळे कॅल्शियम तोकडे पडते. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, पण सावली आणि गार पाणी नसेल तर नुसत्या शिंपल्यांनी काम भागत नाही.

माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कळपात कोंबडा असेल तर अंडी फलित असतात. घरातली हवा ३५ ते ४० अंश असली की अशा अंड्यात कोंबडी न बसताच गर्भ वाढू लागतो, काही दिवसांत मरतो आणि अंडे नासते. अंडी रोज दोनदा गोळा करावीत. माठाशेजारी ओलसर वाळूवर टोपली ठेवून त्यात ती ठेवावीत आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत संपवावीत. घाण लागलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे. धुवायचे तर शिजवण्याच्या अगदी आधी धुवावे, कारण ओल्या कवचातून जंतू आत जाणे सोपे होते. ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते, तरंगणारे टाकून द्यावे. तडा गेलेले अंडे खाऊ नये. कच्चे अंडे दुधात घालून पिण्याची सवय सोडावी. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडलेलेच अंडे मुलांना, गरोदर आणि बाळंतिणीला द्यावे.

ते मात्र अवश्य द्यावे. आपल्या जिल्ह्यात कुपोषण ही जुनी दुखण्याची जागा आहे. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात, शिवाय अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे. २०१५ मध्ये आदिवासी भागात सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत पुढे बालकांसाठी अंड्यांचा समावेश झाला, तो याचसाठी. घरची अंडी सगळीच बाजारात जात असतील तर आठवड्यातून दोन-तीन तरी मुलांसाठी बाजूला ठेवा, हे मी प्रत्येक आईला सांगतो.

अंड्याने मिळवले, विष्ठेने घालवले

पाड्यावरच्या बहुतेक घरांत रात्री कोंबड्या डालग्याखाली घरातच असतात. चोर, मुंगूस आणि रानमांजर यांची भीती खरी आहे. पण कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू तिला काही त्रास न देता राहतात. रांगते मूल विष्ठा लागलेली माती हाताने उचलते, हात तोंडात घालते. मग वारंवार जुलाब होतात, आतडे सुजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. अंड्याने जे मिळाले ते अशा रीतीने निघून जाते.

म्हणून निजण्याची जागा आणि कोंबड्यांची जागा वेगळी करावी. भिंतीला लागून, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, बांबूचे आणि जाळीचे खुराडे करता येते. ते जमत नसेल तर निदान कूड घालून कोपरा वेगळा करावा, सकाळी राख टाकून विष्ठा झाडावी आणि ती उकिरड्यावर टाकावी. खुराडे साफ करताना नाकाला फडके बांधावे. दमेकऱ्याने ते काम करू नये. कोंबडीला हात लावल्यावर, अंडी उचलल्यावर आणि मुलांना भरवण्याआधी साबणाने हात धुणे हे कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त आहे. भिंतीच्या फटींत दिवसा लपून रात्री कोंबडीचे रक्त पिणारे गोचीड उन्हाळ्यात फार वाढतात. फटी चिकणमाती आणि चुन्याने लिंपून घ्याव्यात.

ऊन की रोग?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उन्हाने मरणाऱ्या कोंबड्या बहुधा दुपारी एक ते चारच्या दरम्यान मरतात, आधी धापा टाकताना दिसतात, आणि ऊन उतरले की मर थांबते. सकाळी, रात्री, किंवा रोज काही याप्रमाणे कोंबड्या मरू लागल्या तर रोग समजावा.

हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणे, पाय-पंख लुळे पडणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात नाका-डोळ्यांत थेंब आणि साधारण आठव्या आठवड्यात टोचून लस देतात. हे काम उन्हाळा तापण्याआधी उरकावे. लस बर्फातूनच आणावी, उन्हात तापलेली लस म्हणजे नुसते पाणी. या रोगाचा विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळे येतात, तेव्हा आजारी कोंबडी हाताळून डोळे चोळू नयेत.

एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, तुरा आणि गलोल निळसर झाले, डोके सुजले, पायांवर रक्ताळलेले डाग दिसले तर बर्ड फ्लूची शंका घ्यावी. हे नाव आपल्याला नवे नाही. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला तो आपल्या नवापुरात. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले, लाखो पक्षी नष्ट करावे लागले. त्यांत पोल्ट्रीवाल्यांच्या जोडीने परसातल्या कोंबड्याही गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. २००६ मध्ये आपल्याकडे माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा दिल्लीत या रोगाने मृत्यू झाला. म्हणजे धोका क्वचित असला तरी खोटा नाही. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. धोका असतो तो आजारी किंवा मेलेली कोंबडी हाताळताना, सोलताना आणि पिसे उपटताना.

अशी मर लागली तर उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात विकू नका, पाहुण्यांकडे पाठवू नका. रोग तसाच गावोगाव जातो. पशुवैद्यकीय दवाखान्यात, ग्रामपंचायतीत किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून तो उचला आणि विहिरीपासून दूर तीन-चार फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नंतर आठ-दहा दिवसांत घरात कोणाला ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना कोंबड्या मेल्याचे आवर्जून सांगा. आम्ही विचारले नाही तरी सांगा.

म्हातारीच्या कोंबडीला रोग होता असे मी म्हणत नाही, ऊनच लागले असेल. पण उन्हाने मेलेली कोंबडीही तास-दोन तास ४३ अंशांत पडून राहिली की तिच्यात जंतू भराभर वाढतात. त्यांतील काहींचे विष शिजवूनही जात नाही. शिवाय ज्या विळीवर ती कापली त्याच विळीवर कांदा चिरला जातो.

मुलगा मीठ-साखरेच्या पाण्याने आणि विश्रांतीने दोन दिवसांत खेळू लागला. औषधाचे आणि जाण्या-येण्याचे मिळून म्हातारीचे जेवढे पैसे गेले, त्यात दोन तलंगा आल्या असत्या. निघताना तिने विचारले, "मग मेलेली पुरायचीच का?"

"हो आजी, पुरायचीच. आणि आज घरी गेल्यावर आधी दोन परळे पाणी भरून कडुनिंबाखाली ठेवा."

आठ दिवसांनी सून औषध घ्यायला आली, तेव्हा मी कोंबड्यांची चौकशी केली. उरलेल्या सातही जिवंत होत्या.