फुकटची शिंदी, परदेशात भाव खाणारी

झाशीजवळच्या बिजौलीत घर बांधलंय आणि फाटकाशी भलाथोरला पाम हवाय? रोपवाटिकावाला बहुधा रॉयल पाम पुढे करील. झाड झोकदार, यात वाद नाही. पण त्याचं माहेर क्युबा. तिथला तो राष्ट्रीय वृक्ष. पाण्याची चैन त्याला जन्मापासूनची. झाशीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, वर लू, आणि खाली बुंदेलखंडाची ती खडबडीत ‘राकड’ माती, जिच्यात पाणी ठरत नाही. शिवाय रॉयल पामचं वाळकं पान आपणहून सुटून कोसळतं, तेही कित्येक किलोंचं. त्याखाली गाडी लावू नका!

त्यापेक्षा ओढ्याकाठी आपली आपण उगवणारी शिंदी बघा. इकडे तिला खजूरच म्हणतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी पुजतात, ती हिच्याच पानांची. आपण झाडूपुरती ओळख ठेवली. तिकडे अमेरिकेत फ्लोरिडातले लोक हीच शिंदी मोठे दाम मोजून, क्रेनने उचलून हॉटेलांपुढे आणि रस्त्यांच्या कडेला लावतात. एवढं वाढलेलं झाड हलवलं तरी जगतं कसं? पामाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या तळातून तंतुमुळांचा झुपका फुटतो आणि नवी मुळं पुन्हा फुटत राहतात.

पामाचं खोड आंबा-लिंबासारखं वर्षागणिक जाड होत नाही. आधी जमिनीलगत हवी तेवढी जाडी भरून घेतं, मगच उंची. त्यामुळे लावल्यावर काही वर्षं झाड ढिम्म दिसतं. घाबरू नका, तळाशी कामं चालू असतात. साल नव्यानं धरत नसल्यानं जखमही बुजत नाही. नीरेसाठी वर्षानुवर्षं छेदलेल्या शिंदीच्या अंगावर आलटून पालटून पडलेल्या खाचा जन्मभर दिसतात. दिव्यांच्या माळेसाठी ठोकलेला एक खिळाही तसाच. आणि शेंड्याचा कोंब एकच. तो गेला की झाड गेलं. नारळवाल्यांना छळणारे गेंड्या आणि सोंड्या भुंगे नेमका तिथेच डाव साधतात.

हौशी माळी हिरवी पानं छाटून झाडाला ‘टापटीप’ करतात, तेही चुकीचंच. जुनी पानं म्हणजे पोटॅशची शिल्लक. नव्या पानाला कमी पडलं की झाड तिथून उचलतं. वाळकी तेवढी काढा, तीही जपून, कारण देठाशी पानांचेच सुयांसारखे काटे झालेले असतात. सुगरणीला मात्र ते काटे पसंत: घरट्यापर्यंत चढणाऱ्याची धडगत नाही.

एकच अडचण. उन्हाळ्याअखेर शिंदोळ्यांचा, म्हणजे तिच्या फळांचा, सडा अंगणभर पडतो. तो नको असेल तर नर झाड लावायचं. मात्र नर की मादी, हे फुलोरा येईतो कळत नाही. रोपवाटिकावाल्यालाही नाही.