पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

काँग्रेसच्या स्थापनेतले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि ‘ह्यूमचा वटवट्या’ या पक्ष्याच्या नावातले ह्यूम हे एकच का, असं एका वाचकाने विचारलं आहे. हो, एकच. इटाव्याचा कलेक्टर, मिठाची तस्करी रोखणाऱ्या काटेरी कुंपणाचा आयुक्त, मग सरकारी सचिव, अशी त्यांची नोकरी झाली. आयुक्त असताना त्यांनी घोड्या-उंटांवरून प्रचंड मुलूख पालथा घातला आणि वाटेत पक्षी जमवले. शिमल्याच्या रॉथनी कॅसलमध्ये, राहत्या घरीच, या माणसाने आशियातला सर्वांत मोठा पक्षिसंग्रह उभा केला.

आज हजारो पक्षी मारून कपाटं भरणं आपल्याला रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. पुढे थिऑसफीच्या प्रभावाखाली ह्यूम स्वतःही शाकाहारी झाले, पक्षी मारणं त्यांनी सोडलं. पण त्या संग्रहाचं खरं मोल पिसांत नव्हतंच. ते होतं पायाला बांधलेल्या चिठ्ठीत: कुठे, कधी, नर की मादी, कुणी मिळवला. ह्यूम याबाबतीत कमालीचे काटेकोर. देशभरातल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडून ते नमुने आणि नोंदी मागवत, आणि ‘स्ट्रे फेदर्स’ या स्वतःच्या नियतकालिकात छापत. नमुना मिळवून देणाऱ्या, कातडं सोलून वाळवणाऱ्या इथल्या शिकाऱ्यांची नावं मात्र त्या चिठ्ठ्यांवर क्वचितच सापडतात. संग्रहाचं श्रेय वाटताना ही माणसं आजही राहून जातात, याची मला फार खंत वाटते.

मग घात झाला. हिवाळ्यात ह्यूम शिमल्याबाहेर असताना कुणा नोकराने त्यांची हस्तलिखितं बाजारात रद्दी म्हणून विकली. पंचवीस वर्षांच्या नोंदी, भारतीय पक्ष्यांवरच्या नियोजित महाग्रंथाचा सगळा मजकूर, सगळंच गेलं. ह्यूम खचले आणि संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. 1885मध्ये तो लाकडी पेट्यांतून लंडनला रवाना झाला. सुमारे 82,000 नमुने होते, त्यांतले 75,577 संग्रहालयात दाखल झाले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं.

मजकूर हरवला, चिठ्ठ्या उरल्या. त्यांचं काय झालं हे समजायला रानपिंगळ्याकडे वळावं लागतं. आजच्या छत्तीसगडमध्ये ब्लूइट या संग्राहकाने 1872मध्ये मिळवलेल्या या घुबडाचं वर्णन ह्यूमनीच 1873मध्ये केलं. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आणखी काही नमुने मिळवले. 1884नंतर पक्षी दिसेनासा झाला. एक अपवाद होता: कर्नल माइनर्ट्‌झहागेनने 1914मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळवल्याचा दावा केलेला नमुना.

पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी तो तपासला. उसवलेला सदरा पाहून जुना शिंपी सांगतो ना, ही शिवण अमक्या गल्लीतल्या अमक्याच्या हातची, तसंच कातडं भरणाऱ्याचंही असतं. कापूस कसा ठासला, कवटीपाशी काय केलं, हाडं कुठवर ठेवली, सगळ्यात त्याचा हात दिसतो. या नमुन्याची भरणी बदलली होती, पण एक्स-रेमध्ये डेव्हिडसनचा हात लपला नाही. नमुना संग्रहालयातून चोरलेला होता, चिठ्ठी बनावट होती. या कर्नलने असे असंख्य नमुने चोरले आणि विज्ञानाच्या नोंदींत खोटं पेरलं. मला हा गुन्हा चोरीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, कारण भलत्या ठिकाणी शोध घेण्यात लोकांची वर्षं गेली.

खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी गेले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, 113 वर्षांनी रानपिंगळा दिसला. तोही भर दिवसा, कारण हे घुबड दिवसा वावरतं.

नंतर तो मेळघाटात आणि यावलमध्येही सापडला. 2014मध्ये तर तो थेट मुंबईच्या उत्तरेला, तानसा अभयारण्यात दिसला. तिथली चिठ्ठी एकाही जुन्या नमुन्यावर नव्हती. संग्राहक जिथवर पोचले तिथवरचंच चिठ्ठ्या सांगतात, आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकाची अशी कितीतरी जंगलं या दृष्टीने अजून नीट पाहायची आहेत.