एका पत्त्यावरचे बिऱ्हाड

सोलापूरच्या पूर्व भागात, तळमजल्यावर यंत्रमाग आणि माडीवर संसार अशी रचना ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिथे इंटरनेटची एकच जोडणी किती निरनिराळ्या कामांना पुरवावी लागते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा येत नाही. माझ्या परिचयाच्या एका पद्मशाली कुटुंबात, खाली टॉवेलच्या कारखान्याच्या छोट्या कचेरीत जीएसटीची बिले करणारा संगणक आहे; माडीवर पुण्यातल्या कंपनीचे काम घरूनच करणारा थोरला मुलगा, अभियांत्रिकी शिकणारी मुलगी आणि दुपारच्या निवांत वेळी तेलुगू भजने ऐकणाऱ्या आजी, या प्रत्येकाचे स्वतंत्र यंत्र आहे. या सर्वांचा भार काचेच्या एका तंतूवर सोपवला जातो आणि तो निभावलाही जातो, हे कसे घडते ते पाहावे, या जिज्ञासेने त्यांच्याकडे नवी जोडणी बसत असताना मी दुपारभर तिथे थांबलो.

नेटवाल्या तरुणाने खांबावरून आणलेली काळी केबल खिडकीतून आत घेतली, तिचे आवरण सोलले, आतला तंतू स्पिरिटने पुसला, क्लीव्हरने त्याचे टोक अगदी सरळ छाटले आणि जोडयंत्रात ठेवून, काच वितळवून, तो हिरव्या टोकाच्या आखूड तंतूशी सांधला. ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो त्याची जाडी सुमारे ९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पुरता शंभरावा भागही नव्हे. त्यामुळे ज्या घरात सुताची धूळ हवेतच असते, तिथे हे पुसणे किती निगुतीने करावे लागते ते पाहण्यासारखे होते. प्रकाशाच्या तीव्रतेचा मापकावरचा आकडा उणे २७ डीबीएमच्या खाली घसरू द्यायचा नाही, एवढा दंडक त्याने पाळला. हा तंतूही त्या घराच्या एकट्याच्या मालकीचा नव्हे. जीपॉन नावाच्या पद्धतीत केंद्रातून निघालेल्या एका तंतूला वाटेत फाटे फोडून तो ३२ किंवा ६४ घरांपर्यंत नेतात, आणि त्यावरून उतरणारे सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट ही सर्वांची सामाईक मिळकत असते. सर्वांचा मजकूर सर्वांच्या दारी पोहोचतो, प्रत्येक घरातली पेटी मात्र स्वतःच्या नावाचाच उकलते. वाटणी घराच्या उंबरठ्याबाहेरच सुरू झालेली असते.

राउटर सुरू होताच घरातल्या प्रत्येक यंत्राने त्याच्याकडे पत्ता मागितला, आणि त्याने १९२.१६८ ने आरंभ होणारा एकेक पत्ता ठरावीक मुदतीने बहाल केला. हे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेले असून तेच पत्ते जगातल्या असंख्य घरांत एकाच वेळी नांदत असल्यामुळे, घराबाहेर त्यांना काहीही मान्यता नाही. बाहेरच्या जगाला ठाऊक असतो तो एकच सार्वजनिक पत्ता. ही तजवीज करावी लागली, कारण बत्तीस बिटांच्या जुन्या पद्धतीत पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढीच भरते. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपुष्टात आला. केल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये पत्ते बदलण्याची युक्ती मांडली, ती एक तात्पुरता इलाज म्हणून. आज ती घरोघरी रुजू आहे.

तिचे मर्म समजून घ्यायचे तर कलेक्टर कचेरीतली बारनिशी आठवावी. कोणत्याही मेजावरून निघालेले पत्र आवक-जावक लिपिकाकडे येते, तो त्यावर जावक क्रमांक घालतो, कचेरीच्या नावाने ते रवाना करतो, आणि उत्तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन परत आले की नोंदवही पाहून नेमक्या मेजावर पोहोचवतो. राउटर हेच करतो. मुलीच्या संगणकाने एखाद्या ग्रंथालयाकडे मागणी केली की तिचा खासगी पत्ता पुसून तिथे सार्वजनिक पत्ता घातला जातो, सोबत एक पोर्ट क्रमांक जोडला जातो, आणि कोणत्या क्रमांकामागे कोणते यंत्र आहे याची नोंद होते; उत्तर आले की नोंदीबरहुकूम ते मुलीकडेच जाते, आजींच्या भजनांत मिसळत नाही. हे क्रमांक सोळा बिटांचे, म्हणजे ६५,५३५ पर्यंतचे असतात. एखादी नोंद काही काळ वापराविना राहिली की ती रद्द होते. आणि ज्याची नोंदच नाही असे आगंतुक पुडके बाहेरून आले, तर ते दारातूनच परतवले जाते.

हे सारे इतक्या सहजपणे पूर्वी घडत नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवर एकच संगणक बसे; १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने जोडणी वाटून घेण्याची सोय दिली खरी, परंतु पहिला संगणक बंद होताच मागचे सारे खोळंबत. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास सेकंदाला २५६ किलोबिट पुरेसे मानले होते.

वायरलेस भागाची वाटणी अधिक नाजूक आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकाच यंत्राने प्रक्षेपण करावयाचे असते. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, आणि दुसऱ्याचे काम चालू असेल तर यदृच्छेने ठरवलेला अल्पकाळ थांबून पुन्हा प्रयत्न करते. क्षीण संकेतावर चालणाऱ्या यंत्राला तेवढ्याच मजकुरासाठी अधिक वेळ लागतो, आणि तो वेळ सर्वांच्या वाट्यातून वजा होतो. दगडी भिंतीपलीकडे, लोखंडी मागांच्या रांगेआड असलेला कचेरीतला संगणक नेमका असा होता. जुन्या जोडणीच्या काळात त्यावरून मोठी फाइल जाऊ लागली की राउटरशेजारी बसलेल्या थोरल्याची बैठक अडखळत असे. "मालक, खाली वायरच टाकू; वरच्यांनाही बरं पडेल," असे सांगून त्या तरुणाने जिन्याच्या कडेने केबल उतरवली, तिच्या चार पिळदार जोड्या उलगडल्या, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा अनुक्रम लावून आठही तारा टोपीत बसवल्या आणि पकडीने दाबल्या. एका यंत्राला तार मिळाली, आणि लहरींवर अवलंबून असलेल्या बाकीच्यांचा वाटा वाढला.

इतके झाल्यावर शेजारून पासवर्डची पृच्छा आली. शेजारधर्म मला प्रिय आहे. तरीही इथे विवेक हवा असे माझे ठाम मत आहे, कारण बाहेरच्या दप्तरात एकाच पत्त्याची नोंद होत असल्याने, घरातल्या कोणाच्याही कृत्याचा प्रथम जाब जोडणीधारकालाच विचारला जाईल. मालकांनी पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क आणि वेगळा पासवर्ड ठेवला, हे मला उचित वाटले.

अनेक ठिकाणी घराला मिळणारा बाहेरचा पत्तादेखील खरा सार्वजनिक नसतो. २०१२ मध्ये त्यासाठी राखलेल्या १००.६४ पासूनच्या पत्त्यांतला तो असतो, आणि पुरवठादाराकडे वरच्या पायरीवर आणखी एक नोंदवही अनेक घरांचा हिशेब सांभाळते. १२८ बिटांच्या आयपीव्ही६ पद्धतीने प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देणे शक्य झाले आहे, आणि तिच्या प्रसारात भारत अग्रेसर देशांपैकी आहे. मात्र पत्त्यांची चणचण संपली तरी तंतूची क्षमता आणि चॅनेलवरचा वेळ यांची वाटणी चुकणार नाही. म्हणून, कारखान्याच्या मोठ्या फाइली रात्री पाठवाव्यात आणि परीक्षेच्या दिवसांत मुलीच्या अभ्यासाला अग्रक्रम द्यावा, असा जो ठराव त्या कुटुंबाने त्याच संध्याकाळी केला, तो मला त्या दिवशीच्या कामाचाच आवश्यक भाग वाटतो.