कपाट, धोक्याच्या सूचना आणि शेवटचा हात

मागच्या वेळी आपण अ‍ॅरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. त्याच्या नीतिशास्त्रात एक छोटंसं उदाहरण येतं: बरं वाटावं म्हणून एकाने दुसऱ्याला औषध पाजलं, आणि त्यानेच तो माणूस दगावला. पाजणाऱ्याला दोष किती द्यायचा? आज हाच प्रश्न मी रुग्णालयातल्या एका कपाटासमोर नेऊन विचारणार आहे.

आपल्याकडे बहुतेक वॉर्डांत अजून सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन येतात. अमेरिकेत मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वॉर्डात संगणकाला जोडलेली कपाटं आली. सिस्टरने बोटाचा ठसा किंवा पासवर्ड द्यायचा, पडद्यावर रुग्णाचं नाव निवडायचं, औषध निवडायचं, की तेवढाच खण उघडतो. काय काढलं, किती काढलं, कोणी काढलं, सगळ्याची नोंद होते.

सिस्टरांना हे यंत्र नको आहे का? तसं मुळीच नाही. औषधासाठी फार्मसीची वाट बघावी लागत नाही, मॉर्फिनसारख्या औषधांचा हिशेब सोपा होतो, हे त्या मान्य करतात. तक्रार वेगळीच आहे. औषधांच्या वेळेला कपाटापुढे रांग लागते. हवा तो खण नेमका रिकामा निघतो. आणि सूचना! दर वेळी पडद्यावर इतके इशारे येतात की खरा कोणता आणि नेहमीचा कोणता, हेच कळेनासं होतं. फार्मासिस्टने तपासण्याआधीच, तातडीच्या वेळी औषध काढता यावं म्हणून ‘ओव्हरराइड’ची सोय असते. ती हळूहळू रोजची वाट होऊन बसते.

डिसेंबर २०१७ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट रुग्णालयात काय झालं ते बघा. तपासणीच्या यंत्रात जायला घाबरणाऱ्या एका ७५ वर्षांच्या बाईंना वर्सेड हे शांत करणारं औषध द्यायचं होतं. राडोंडा वॉट या परिचारिकेने कपाटात ‘व्ही, ई’ ही दोन अक्षरं टाइप केली. औषध सापडेना, कारण कपाटाच्या यादीत ते मिडाझोलाम या मूळ नावाने होतं. तिने ओव्हरराइड केलं आणि हाती आलं व्हेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं औषध. बाई गेल्या. चूक तिने स्वतःच कबूल केली. २०२२ मध्ये तिच्यावर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला आणि तिला ३ वर्षांची प्रोबेशन मिळाली.

आता दोन्ही बाजू ऐकू. सरकारी वकील म्हणाले, पडद्यावर इशारे होते. बाटलीच्या झाकणावरही इशारा छापलेला होता. शिवाय वर्सेड पातळ असतं, ही तर पूड होती! हे खरंच आहे, आणि ते झाकून चालणार नाही. परिचारिकेचं म्हणणं, ओव्हरराइड तिथे रोजच चालायचं. अनेक परिचारिका तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, त्या ‘चूक झालीच नाही’ म्हणून नव्हे. त्यांना भीती ही, की चूक सांगणाऱ्याला तुरुंगाची धास्ती दाखवली तर उद्या चूक सांगणार कोण?

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, अज्ञानाला माणूस स्वतः जबाबदार असेल तर शिक्षा योग्य. ठीक आहे. पण दोन अक्षरांवर औषधांची यादी दाखवणारं कपाट कोणी बनवलं? ते तसंच कोणी चालू ठेवलं? तेही एक निष्काळजीपण नाही का? पुढे औषध-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने निदान ५ अक्षरं टाइप करायला लावा, अशी शिफारस केली. म्हणजे सुधारणा शक्य होती. ती आधी सुचायला हवी होती.

नर्सिंगमध्ये पाच गोष्टी शिकवतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. कपाट यात मदत करतं, पण बाटली वाचणारे डोळे सिस्टरचेच असतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच: शेवटच्या हाताला जाब विचारा, जरूर विचारा. पण त्या हातापर्यंत औषध कुठल्या वाटेने आलं, हेही त्याच बैठकीत विचारा. आणि अशी कपाटं आपल्या रुग्णालयात येतील, तेव्हा विकत घेण्याआधी सिस्टरांना एकदा विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.