अटी बदलल्या, पण संमती कोणाची?

दौंड तालुक्यातील केडगाव, चौफुला, पाटस हा पट्टा ऊस आणि कांद्याचा. येथील शेतकरी कर्जावर ट्रॅक्टर घेतो, ठिबक संच बसवितो, बियाणे विकत घेतो आणि कारखान्याकडे उसाची नोंद करतो. अशा व्यवहारात बहुधा एक छापील कागद सहीसाठी पुढे येतो. ‘या अटी कंपनी वेळोवेळी बदलू शकेल’ असे एखादे कलमही त्यात असते. शेतकरी बंधूंनो, अशी अट आपल्याला कितपत बांधते हे समजून घेणे गरजेचे आहे.

कराराचे मूळ तत्त्व

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यानुसार करार दोघांच्या संमतीने होतो आणि त्यात बदल करावयाचा तर तोही दोघांच्या संमतीनेच. मात्र बदलाचा अधिकार आपणच सही करून आधी देऊन ठेवला असेल, तर कंपनी त्या सहीकडे बोट दाखविते. म्हणून खरा प्रश्न सहीच्या वेळीच सुरू होतो.

ट्रॅक्टरचे कर्ज

ट्रॅक्टरसाठी कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता लागू आहे. व्याजदर, सेवा आकार किंवा मुदतपूर्व फेडीचा आकार बदलावयाचा असेल, तर कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत तशी सूचना द्यावी लागते. व्याज व आकारातील बदल पुढील काळासाठीच लागू होतो, मागील तारखेपासून नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना प्रथमच आली. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड, कर्ज मुदतीपूर्वी फेडण्यास नकार, योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार, ग्राहकाला तोट्यात टाकणारी गैरवाजवी अट या बाबी त्यात मोडतात. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते. स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय. बियाण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

उसाचे पैसे

ऊस देताना शेतकरी ग्राहक नसून विक्रेता असतो. पण प्रश्न तोच आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. परंतु याच तरतुदीत ‘याविरुद्ध लेखी करार नसेल तर’ अशी मेख आहे. नोंदीच्या कागदावर हप्त्याने पैसे घेण्यास संमती छापलेली असेल आणि खाली आपली सही असेल, तर १४ दिवसांचा आधार आपणच सैल करतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. पुणे व नाशिक विभागात पहिली उचल १० टक्के उताऱ्यावर आणि बाकी रक्कम हंगाम संपल्यावर, असे त्याचे स्वरूप होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरविला. सोसायटीचे कर्ज, खते आणि पुढील लागवड यांचा खर्च हंगामाच्या अखेरीपर्यंत थांबत नाही. म्हणून पैसे कधी मिळणार ही अटदेखील दराइतकीच मोलाची आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नये.
२) अटी मराठीत वाचून मागाव्यात. मान्य नसलेल्या अटीवर रेघ मारून तेथे दोघांच्या सह्या घ्याव्यात.
३) कराराची प्रत, पावत्या, वजनचिठ्ठ्या व आलेले संदेश जपून ठेवावेत.
४) अट बदलल्याचे कळताच हरकत लेखी नोंदवून पोच घ्यावी. गप्प राहणे ही संमती समजली जाऊ शकते.
५) वित्त कंपनीने ३० दिवसांत दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. ग्राहक तक्रारीसाठी मुदत २ वर्षे आहे. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल व तारीख पाहतो. सही करतानाही तितकीच दक्षता घ्यावी.