स्क्रिप्ट इंटरप्रिटर, वेब सर्व्हरवरील
स्क्रिप्ट भाषेत लिहिलेली आज्ञावली वाचून तीतील सूचना संगणकाकडून क्रमाने करवून घेणाऱ्या प्रणालीस इंटरप्रिटर म्हणतात. यंत्रभाषेत अगोदरच रूपांतरित केलेल्या आज्ञावलीपेक्षा ही पद्धत संथ असते; तथापि आज्ञावलीत बदल करणे सोपे जात असल्याने वेब सर्व्हरवर ती रूढ झाली. रास्मुस लेर्दोर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही अशा भाषांपैकी विशेष प्रचलित होय. विकिपीडियाची मीडियाविकी ही प्रणाली याच भाषेत आहे. त्यामुळे मराठी विकिपीडियातील ‘जालना जिल्हा’ हा लेख अंबडच्या किंवा भोकरदनच्या वाचकापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहिल्यास विषय स्पष्ट होतो.

हा लेख तयार पानाच्या रूपात साठविलेला नसतो. मूळ मजकूर, माहितीची चौकट, चित्रे व दुवे एकत्र आणून पान रचण्याचे काम इंटरप्रिटर करतो. १९९३ पासून प्रचारात आलेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी इंटरप्रिटरची नवी प्रक्रिया सुरू होई व पान देताच ती संपे. कचेरीत दर अर्जदारामागे नवा कारकून नेमावा, त्यास नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचावयास लावावे आणि उतारा देताच कामावरून काढावे, तसाच हा प्रकार होता. १९९६ च्या सुमारास आलेल्या फास्टसीजीआय पद्धतीत प्रक्रिया जिवंत ठेवून तिच्याकडे एकामागून एक मागण्या सोपविल्या जातात. पीएचपीसाठी याच तत्त्वावरील एफपीएम हा प्रक्रिया-व्यवस्थापक २०१० मध्ये मूळ संचात समाविष्ट झाला.

अशा प्रक्रिया किती ठेवाव्यात, हा व्यवहारातील कळीचा प्रश्न आहे. समजा, सर्व्हरची स्मृती ४,००० मेगाबाइट असून पैकी १,००० इतर कामांस लागते आणि प्रत्येक प्रक्रिया ५० मेगाबाइट व्यापते. तर ६० प्रक्रियांपलीकडे जाणे धोक्याचे ठरते. गर्दी वाढली म्हणून हा आकडा २०० केल्यास स्मृती अपुरी पडून संगणक डिस्कचा आधार घेऊ लागतो व सर्वच वाचकांचा खोळंबा होतो. ६१ व्या वाचकास क्षणभर रांगेत थांबविणे त्याहून पुष्कळच बरे. नवखे व्यवस्थापक बहुधा येथेच चुकतात.

प्रक्रिया जिवंत राहिली, तरी आज्ञावलीचे वाचन व विश्लेषण दर वेळी नव्याने होतेच. ते टाळण्यासाठी विश्लेषणातून निघालेला सांकेतिक आदेशसंच सामाईक स्मृतीत ठेवतात. ओपकॅश ही सोय पीएचपीच्या ५·५ या आवृत्तीपासून (२०१३) मूळ संचातच मिळते. वारंवार लागणारे भाग चालू असतानाच यंत्रभाषेत उतरविणे, ही त्यापुढील पायरी होय. विकिमीडियाने २०१४ मध्ये या तत्त्वावरील, फेसबुकने विकसित केलेली एचएचव्हीएम ही प्रणाली स्वीकारली, तेव्हा सर्व्हरच्या प्रोसेसरांवरील भार सुमारे ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला आणि संपादन जतन होण्याचा सरासरी काळ सुमारे ६ सेकंदांवरून ३ सेकंद झाला. पुढे पीएचपीची सातवी आवृत्तीही वेगवान निघाल्याने २०१९ मध्ये विकिमीडिया मूळ पीएचपीकडे परतली.

तथापि सर्वांत मोठी बचत इंटरप्रिटरला काम न सांगण्यात आहे. एकदा रचलेल्या पानाची प्रत वाचकांच्या जवळच्या केंद्रात ठेवली जाते. भारतासाठी सामान्यतः सिंगापूरचे केंद्र (२०१८ पासून) हे काम करते. जालन्यातील नुसत्या वाचकास बहुधा ही तयार प्रतच मिळते. मात्र तेथीलच एखाद्याने त्या लेखात एका तालुक्याची माहिती दुरुस्त केली, की त्याची मागणी अमेरिकेतील मुख्य सर्व्हरपर्यंत जाते, तेथे इंटरप्रिटर पान पुन्हा रचतो आणि सर्व केंद्रांतील जुन्या प्रती रद्द केल्या जातात.