दूरस्थ सेवा आणि ‘क्रोनिका’: रुबेन दारिओ यांचे स्पेनमधील गद्य

परदेशी आस्थापनांची कामे स्पेनमध्ये राहून दुरून करणाऱ्यांसाठी त्या देशाने २०२२ च्या कायद्याने स्वतंत्र व्हिसाची तरतूद केली. हा व्यवहार संगणकयुगाचा वाटला, तरी वाङ्मयेतिहासाला तो अपरिचित नाही. निकाराग्वात १८६७ साली जन्मलेले कवी रुबेन दारिओ ब्वेनोस आयरेसच्या ‘ला नासिओन’ या दैनिकाचे वार्ताहर म्हणून १८९८ च्या अखेरीस स्पेनला निघाले. क्यूबा व फिलिपिन्स गमावून बसलेल्या त्या देशाची अवस्था अर्जेंटिनी वाचकांना कळवणे, हे त्यांचे काम. वेतन एका देशाचे, विषय दुसऱ्याचा, लेखक तिसऱ्याचा. तातडीची बातमी तारेने आधीच पोहोचत असे. बोटीच्या टपालाने मागाहून येणाऱ्या मजकुराला टिकायचे, तर बातमीपलीकडचे काही, म्हणजे शैली, हवी होती. आधुनिक ‘क्रोनिका’ (मराठी ‘वार्तापत्र’ जवळचे, पण तोकडे) या गरजेतून आकाराला आली. दारिओ यांचे हे लेख १९०१ मध्ये ‘एस्पान्या कोन्तेम्पोरानेआ’ या ग्रंथात संकलित झाले.

अंतरामुळे लेखक मोकळा होतो, हे विधान मात्र जपून करावे लागते. न्यूयॉर्कहून याच दैनिकासाठी लिहिणाऱ्या क्यूबन होसे मार्ती यांच्या १८८२ मधील पहिल्याच पत्रातील अमेरिकेवरची टीका संपादकाने गाळली, आणि तसे त्यांना कळवलेही.

दारिओ यांचे हे गद्य निकाराग्वाच्या, अर्जेंटिनाच्या की स्पेनच्या वाङ्मयात धरावे, याचा निर्णय राष्ट्रवार इतिहासांच्या चौकटीत होत नाही.